गॅमा व्हेलोरम: वायूमेघ उजळवणारी जोडी कशी पकडायची

फेब्रुवारीच्या अखेरीस, रात्री दहाच्या सुमारास, दक्षिण क्षितिज मोकळं मिळेल अशी जागा गाठा. मी सासवडच्या पुढे जातो. पुण्याचा उजेड पाठीशी राहतो. आधी अगस्ती शोधा. हात ताठ धरून तिथून डावीकडे, थोडं वर, पावणेदोन मुठी सरका. तिथला ठळक तारा म्हणजे गॅमा व्हेलोरम. आपल्याकडे तो क्षितिजापासून जेमतेम 24 अंश वर चढतो, त्यामुळे समोर टेकडी नको.

द्विनेत्रीतून शेजारी एक फिकट तारा दिसेल. पुष्कळजण त्यालाच जोडीदार समजतात. आपल्याला हवी ती जोडी त्या ठळक ठिपक्यातच दडलेली आहे: एक वुल्फ-रायेट (बाहेरचं आवरण गमावलेला, अतितप्त) तारा आणि एक ओ वर्गाचा, म्हणजे खूप तापलेला, निळा तारा, साधारण 78.5 दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारणारे. घरच्या कुठल्याही दुर्बिणीत ते वेगळे दिसत नाहीत.

म्हणून वर्णपट, म्हणजे त्यांच्या प्रकाशाची रंगांत पसरलेली पट्टी, घ्या. माझ्या मते यातला सर्वांत आनंदाचा भाग हाच. कॅमेऱ्याला 100 मिमीच्या आसपासची लेन्स आणि तिच्यापुढे मिलिमीटरला 100 रेषांची ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेषांची पट्टी) लावा. ट्रॅकिंग बंद ठेवा. वर्णपटाची पट्टी उत्तर-दक्षिण पडेल अशी ग्रेटिंग फिरवा आणि वीस-तीस सेकंद एक्सपोजर द्या. तारा सरकतो तशी पट्टी आपोआप रुंद होते. इतर बहुतेक ताऱ्यांच्या पट्टीत काळ्या रेषा असतात. इथे निळ्यात 465 आणि पिवळ्यात 570-580 नॅनोमीटरजवळ लखलखीत पट्टे उमटतात. ते तापलेल्या कार्बनचे. मुळात जास्त जड असलेल्या थोरल्या, म्हणजे वुल्फ-रायेट, ताऱ्याचं हायड्रोजनचं आवरण उतरलं, काही जोडीदाराने ओढून घेतलं, काही वाऱ्याबरोबर उडालं, आणि आतला भाग उघडा पडला. आज हा थोरला सूर्याच्या नऊपट, तर धाकटा अठ्ठावीसपट जड आहे.

आता हिशोब करा. 29 लाखांना केल्व्हिनमधल्या तापमानाने भागलं की प्रकाश कोणत्या नॅनोमीटरला सर्वाधिक ते कळतं. सूर्य (5800): 500. ओ तारा (35,000): 83. वुल्फ-रायेट (57,000): 51. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन उडवायला, म्हणजे तो आयनित करायला, 91.2 नॅनोमीटरच्या आतला प्रकाश लागतो, म्हणजे दोघेही त्यात बसतात. जवळच्याच झीटा पपिससह हे तारे आकाशात 30 अंशांहून जास्त पसरलेला ‘गम’ नावाचा वायूमेघ आयनित करतात. तो डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी 656.3 नॅनोमीटरचा हायड्रोजन-अल्फा फिल्टर हवा, आणि कॅमेऱ्याचा मूळ लाल-रोधक फिल्टर काढलेला असावा.

दीर्घिकांच्या फोटोतले लाल ठिपके, म्हणजे असेच आयनित हायड्रोजनचे मेघ, बघताना ही जोडी ध्यानात ठेवा. एकटे महाकाय तारे काही दशलक्ष वर्षांत संपतात. जोडीतले मध्यम तारे मात्र उशिरा सोलले जातात, त्यामुळे दहा दशलक्ष वर्षांनंतरही आयनित करणारा प्रकाश येत राहतो. असे सोललेले तारे बराच काळ गणितातच होते. 2023 मध्ये मॅगेलनचे मेघ या आपल्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिकांमध्ये त्यांतले 25 सापडल्याचं जाहीर झालं.