अंश सोपा, छेद अवघड: गॅमा यील्ड काढताना

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी पहिल्या बीमटाइमचा (अ‍ॅक्सिलरेटरवर मिळालेल्या वेळेचा) डेटा हातात आला, तेव्हा महिन्याभरात यील्ड, म्हणजे टार्गेटवर आदळलेल्या प्रत्येक आयनामागे किती गॅमा किरण निघाले ते, काढून मोकळा होईन असा माझा हिशेब होता. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे ऊर्जेनुसार मोजलेल्या गॅमांच्या आलेखात, पीक दिसतंय, फिट करून क्षेत्रफळ काढायचं, एफिशियन्सीने (निघालेल्यांपैकी डिटेक्टरने किती टिपले त्या प्रमाणाने) भागायचं, झालं. लागले सात महिने. त्यातले पीक फिट करण्यात जेमतेम तीन आठवडे गेले, बाकीचा वेळ छेदातल्या आकड्यांनी खाल्ला.

आपल्याकडे या कामात पडलेल्यांची गाठ कधी ना कधी 'इंगा'शी पडते. इंडियन नॅशनल गॅमा अ‍ॅरे. मुंबईचं टीआयएफआर, दिल्लीचं आययूएसी आणि कोलकात्याचं व्हीईसीसी इथे आळीपाळीने उभा राहणारा हा डिटेक्टरांचा ताफा मराठी माणसाला नावाप्रमाणे इंगा दाखवतोच. त्यातला क्लोव्हर म्हणजे चार जर्मेनियम स्फटिक एकाच डब्यात आणि भोवती, अर्धवट ऊर्जा सोडून निसटलेले गॅमा ओळखायला, बीजीओ या दुसऱ्या स्फटिकाचं कवच. एका स्फटिकातून विखुरलेला गॅमा शेजारच्या स्फटिकात सापडला, तर दोघांची ऊर्जा बेरजेत धरतात. हे अ‍ॅडबॅक. १३३२ केईव्हीच्या (हे गॅमाच्या ऊर्जेचं एकक) आसपास त्याने पीकमधले काउंट्स साधारण दीडपट होतात. म्हणून सोर्सचा (एफिशियन्सी मोजायला वापरतात त्या किरणोत्सर्गी नमुन्याचा) डेटा अ‍ॅडबॅक करून आणि बीमचा न करता सॉर्ट केलात, तर सगळं गणित तिथेच फसतं. टाइम विंडोसुद्धा (दोन नोंदी एकाच वेळच्या मानायची मर्यादा) दोन्हीकडे तीच हवी.

आता माझी फजिती. एफिशियन्सीसाठी आम्ही युरोपियम-१५२ आणि बेरियम-१३३ असे दोन सोर्स वापरले. वक्र काढला, तर बेरियमचा ३५६ केईव्हीचा बिंदू युरोपियमच्या ३४४ च्या बिंदूपेक्षा सहा टक्के खाली. बारा केईव्हीच्या अंतरात एफिशियन्सी एवढी पडत नाही. मी दोन दिवस डेड टाइमला (यंत्रणा नोंद घेऊ शकत नाही तो वेळ) दोष दिला, मग कोइन्सिडन्स समिंगला (दोन गॅमा एकदम येऊन एकच मोजले जाणं), मग सोर्स तिरका ठेवला असेल म्हणून स्वतःला. शेवटी एका सीनियरने चहा पिता पिता विचारलं, "सर्टिफिकेटवरची तारीख बघितलीस का रे?"

नव्हती बघितली. दोन्ही सोर्स साडेचार वर्षं जुने होते आणि मी सर्टिफिकेटवरची, म्हणजे त्या तारखेची, किरणोत्सर्गाची अ‍ॅक्टिव्हिटी जशीच्या तशी घातली होती. युरोपियमचं अर्धायुष्य साडेतेरा वर्षं, म्हणजे त्याची ७९ टक्के उरली होती. बेरियमचं साडेदहा, त्याची ७४. सहा टक्क्यांची खोच तिथून आली होती. मला अजून कापरं भरतं ते वेगळ्या कारणाने: नुसता युरोपियम वापरला असता, तर वक्र अगदी गुळगुळीत आला असता, एफिशियन्सी २१ टक्के कमी निघाली असती आणि सगळी यील्ड्स सव्वापट फुगून थीसिसमध्ये गेली असती. फक्त सापेक्ष तीव्रता हव्या असतील, तर ही चूक आपोआप कटते. क्रॉस-सेक्शन (अभिक्रिया घडण्याच्या शक्यतेचं निरपेक्ष माप) हवा असेल तर नाही. म्हणून दोन सोर्स घ्याच.

छेदात पुढे बसतो तो बीम. फॅरडे कपमध्ये (बीमचा विद्युतभार गोळा करणाऱ्या भांड्यात) एक मायक्रोकूलॉम जमा झाला आणि कार्बन आयन ६+ (प्रत्येकी सहा इलेक्ट्रॉन गमावलेले) असतील, तर ते सुमारे १ लाख कोटी आयन झाले. सहाने भागायला विसरणारे असतात, हसू नका. कप टार्गेटच्या मागे असेल तर आणखी एक गोम: टार्गेटमधून जाताना आयनचे इलेक्ट्रॉन झडतात, म्हणून अ‍ॅक्सिलरेटरने दिलेली चार्ज स्टेट (आयनवरचा भार) तिथे चालत नाही.

कोन हा नवख्यांचा नावडता विषय. फ्यूजननंतर घडणाऱ्या अणुकेंद्राचे स्पिन बीमला काटकोनात रचले जातात, त्यामुळे गॅमा सगळीकडे सारखे निघत नाहीत. ठरावीक क्वाड्रुपोल संक्रमण (स्पिन दोनने बदलणारं) ९० अंशांवर सरासरीपेक्षा जवळजवळ एक पंचमांश कमी दिसतं, आणि स्ट्रेच्ड डायपोल (स्पिन एकने बदलणारं) उलट जास्त. ५४.७ किंवा १२५.३ अंशांवर पी-टू, म्हणजे कोनानुसार पडणाऱ्या फरकाचं मुख्य पद, शून्य होतो, म्हणून तिथला डिटेक्टर असेल तर त्याच्याकडे आधी बघावं. सगळे डिटेक्टर एकत्र बेरीज केले की कोन विसरले जातात, ही समजूत खोटी.

अंशाबद्दल, म्हणजे पीकमधल्या काउंट्सबद्दल, थोडंच. १४६१ केईव्हीचं पीक भिंतीतल्या पोटॅशियमचं, त्यावर आशा धरू नका. ५९६ ला उजवीकडे शेपूट असलेला उंचवटा दिसला, तर तो जर्मेनियमवर आदळणाऱ्या न्यूट्रॉनांचा, त्यात गाउशियन (घंटेच्या आकाराचा सममित वक्र) कोंबू नका. आणि अणुकेंद्राची ऊर्जा-पातळी किती वेळा भरली इथपर्यंत पोचायचं असेल, तर कमी ऊर्जेच्या संक्रमणात इंटर्नल कन्व्हर्जनचा (गॅमाऐवजी इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याचा) १+α विसरू नका.

शेवटच्या शिफ्टनंतर कितीही झोप आली, तरी सोर्स टार्गेटच्या जागी ठेवून एफिशियन्सीचा एक रन घ्या. आम्ही "सकाळी करू" म्हणून गेस्ट हाउसवर गेलो. सकाळी पुढच्या गटाने चेंबर उघडून ठेवला होता.