टपटपणारा नळ: वॉशर बदलण्यापर्यंत आपलं काम, भिंतीच्या आत प्लंबरचं

नळ बंद करूनही तोंडातून थेंब पडत असतील, तर बहुतेक वेळा आतला रबरी वॉशर झिजलेला असतो. जोर लावून पिळू नका. रबर आणखी चिरतं आणि धातूची बैठकही, म्हणजे वॉशर ज्यावर दाबून बसतो ती कड, खराब होते.

आधी मुख्य कॉक बंद करा आणि नळ उघडून साचलेलं पाणी काढा. बेसिनच्या जाळीवर फडकं टाका, नाहीतर बारीक स्क्रू हमखास आत जातो. मूठ काढून पान्याने स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा दांडा ज्याच्या टोकाला वॉशर असतो, डावीकडे फिरवून बाहेर काढा. हे करताना दुसऱ्या हाताने नळाचं अंग घट्ट धरायचं, कारण नळच फिरला तर भिंतीतला जोड सैल होतो. जुना वॉशर सोबत नेऊन त्याच मापाचा आणा. अर्धा इंच हे माप नळाचं, वॉशरचं नव्हे. इथेच बरेचजण फसतात.

नवा बसवण्याआधी बैठकीवर बोट फिरवा. खड्डे लागले तर नवा वॉशरही थोड्याच दिवसांत गळेल. बैठक घासून घ्यावी लागते किंवा नळच बदलावा लागतो. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात वॉशर नसतो, पाणी उघड-बंद करणारा सिरॅमिकचा आतला भाग, म्हणजे अख्खं कार्ट्रिज बदलतात. गळती मुठीखालून असेल तर ग्लँड नट, म्हणजे स्पिंडलभोवतीचा नट, किंचित आवळून पाहा.

स्पिंडल गंजून जाम असेल, नळासोबत पाइप हलत असेल किंवा भिंतीला ओल दिसत असेल, तर पाना खाली ठेवा आणि प्लंबरला बोलवा. भिंतीतला जोड तुटला की भिंतीवरची फरशी फोडावी लागते.