उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान कसे पाहावे

दुर्बीण, वही आणि प्रवेशद्वारावरचा नकाशा घेऊन उद्यान उघडताच आत शिरावे. सगळे विभाग एका फेरीत उरकण्याचा सल्ला मनावर घेऊ नये. दोनच विभाग निवडून ते नीट पाहावेत.

खरी अडचण पाटीपाशी येते. ‘पाटीचा फोटो काढा आणि घरी जाऊन वाचा’ असे सर्रास सांगितले जाते, पण ते साफ चुकीचे आहे, कारण पाटीवर नाव असलेले झाड आणि आपल्याला दिसणारी पाने एकाच वनस्पतीची असतील याची खात्री नसते. उष्ण, दमट हवेत एकाच खोडावर वेली, नेचे, आमरी (ऑर्किड) आणि बांडगुळे वाढतात. मॉन्स्टेराच्या कोवळ्या वेलीची पाने लहान आणि अखंड असतात, तर वर चढलेल्या जुन्या वेलीची पाने मोठी, भोकांची आणि चिरलेली होतात, त्यामुळे एकच वेल दोन वनस्पतींसारखी भासते.

पाटी आणि झाड यांची ही जुळणी मला सर्वांत उशिरा साधली, म्हणून आग्रहाने सांगतो. पाटी वाचल्यावर बुंध्यापासून सालीचा माग दुर्बिणीने वर काढत जावे आणि खोडातूनच फुटलेली फांदी सापडेपर्यंत एकाही पानावर विश्वास ठेवू नये. खाली पडलेले पान पुरावा मानू नये. ते शेजारच्या झाडाचेही असू शकते. शेंडा फार उंच असेल तर खोडच निरखावे, कारण कैलासपती, फणस आणि कोको यांची फुले व फळे थेट खोडावर किंवा जाड फांद्यांवर येतात. मात्र वड-पिंपळाच्या कुळातल्या काही झाडांचे बी दुसऱ्या झाडावर रुजते आणि त्यांची मुळे खाली उतरून मूळ खोडाला वेढून टाकतात. तिथे आतले खोड कोणाचे आणि बाहेरचे जाळे कोणाचे, हे आधी ठरवावे.

पाटी जमिनीत रोवलेली असेल तर ती पुढच्या झुडपाची नाही ना, हेही तपासावे. वैज्ञानिक नाव, कूळ आणि मूळ प्रदेश यांच्यासोबत नोंदणी क्रमांक असल्यास तो अवश्य उतरवावा. एकाच जातीची अनेक झाडे उद्यानात असू शकतात, पण हा क्रमांक त्या विशिष्ट रोपाच्या नोंदीचा असतो आणि पुष्कळ उद्यानांत त्याची सुरुवात नोंदणीच्या वर्षाने होते.

व्हिक्टोरिया जातीच्या महाकमळाचे फूल पहिल्या संध्याकाळी पांढरे आणि दुसऱ्या संध्याकाळी गुलाबी उमलते, म्हणून तळे शेवटी ठेवावे. तरीही एखादी जुळणी अडली, तर उतरवलेला क्रमांक दाखवून माळ्याला विचारावे.