हॅलोवीनच्या रात्रीसाठी हिपहॉपची प्लेलिस्ट कशी लावावी

हॅलोवीनला बहुतेक घरांत दरवर्षी तीच ठरलेली गाणी लागतात. हिपहॉपचा साठा कुणी फारसा उघडत नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते. गेली चाळीस वर्षं या संगीताने भुतं, भयपट, थडगी आणि माणसाच्या डोक्यातली भीती यांवर इतकं काम केलंय की एक अख्खी रात्र त्यावर सहज निघेल. फक्त गाण्यांचा क्रम जमला पाहिजे.

आधी रात्रीचे भाग पाडा. अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला दिवस मावळताना मुलं सोंगं घेऊन दारोदार चॉकलेटं मागत फिरतात. ती घरी गेली की मोठ्यांचं खाणंपिणं सुरू होतं, आणि शेवटी उशिरापर्यंत बसणारे चारजण उरतात. या तीन भागांसाठी तीन वेगळ्या प्लेलिस्ट करा आणि शफल बंद ठेवा. पहिल्या वर्षी मी ‘हॅलोवीन रॅप’ असं शोधून जी यादी वर आली, ती तशीच लावून दिली होती. दारात पाच-सहा वर्षांची पोरं पिशव्या पसरून उभी असताना असं काही कडवं सुरू झालं की मी धावत जाऊन आवाज बंद केला. शेजारच्या मुलांची आई काही बोलली नाही, पण तिचा चेहरा माझ्या अजून लक्षात आहे. तेव्हापासून गाण्याच्या नावापुढे चौकोनात इंग्रजी ‘ई’, म्हणजे शिवराळ किंवा प्रौढ शब्दांची खूण, दिसली की ते मुलांच्या यादीत जात नाही. ‘क्लीन’ आवृत्तीवरही डोळे झाकून विसंबू नका. तिच्यात शिव्या गाळलेल्या असतात, गोष्ट तीच राहते. म्हणून प्रत्येक गाणं आधी एकदा शेवटपर्यंत ऐका.

मुलांच्या तासाची सुरुवात ब्रुकलिनच्या हूडिनीपासून करा. १९८३ चं त्यांचं ‘द हॉन्टेड हाउस ऑफ रॉक’ म्हणजे झपाटलेल्या वाड्यातली नाचगाण्याची मैफल. त्यात किंकाळ्या आहेत, दारांची करकर आहे आणि तरी सगळं खेळकर आहे. त्यामागे डीजे जॅझी जेफ आणि फ्रेश प्रिन्स यांचं १९८८ चं ‘अ नाइटमेअर ऑन माय स्ट्रीट’. फ्रेश प्रिन्स म्हणजे पुढे सिनेमात गेलेला विल स्मिथ. भयपटातल्या, स्वप्नात येऊन छळणाऱ्या फ्रेडीची गोष्ट तो अशी रंगवून सांगतो, की आठ-दहा वर्षांची मुलं खेळ थांबवून ऐकत बसतात. या गाण्यावरून मोठा वादही झाला. फ्रेडीचे चित्रपट काढणारी न्यू लाइन सिनेमा ही कंपनी कोर्टात गेली, गाण्याचा व्हिडिओ दाखवायला मनाई झाली आणि अल्बमवर ‘या गाण्याचा चित्रपटाशी संबंध नाही’ अशा अर्थाची चिठ्ठी चिकटवावी लागली. त्याच वर्षी फॅट बॉइज या त्रिकुटाने फ्रेडीवरच अधिकृत गाणं केलं होतं. ही दोन्ही पाठोपाठ लावा. शेवटी एमसी हॅमरचं १९९१ मधलं ‘अ‍ॅडम्स फॅमिली’ या चित्रपटाचं गाणं घ्या आणि मुलांना नाचू द्या.

परदेशातल्या मराठी घरांत हे दिवस दिवाळीच्या आसपासच येतात. २०२४ मध्ये तर नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती. गोव्यात त्याच्या आदल्या रात्री पोरं नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे घेऊन मोठमोठ्या स्पीकरांसह गावभर फिरतात आणि पहाटे ते जाळतात. ती रात्र ज्याने पाहिली आहे, त्याला भीती आणि ठेका एकत्र का जातात हे वेगळं सांगावं लागत नाही. दारात आकाशकंदील आणि कोरलेला भोपळा दोन्ही असतील, तर असू द्या.

मुलं गेली की पुढची यादी भयपटांच्या सुरांनी उघडा. बस्टा ऱ्हाइम्सच्या १९९८ च्या ‘गिमी सम मोअर’मध्ये संगीतकार बर्नार्ड हरमनच्या ‘सायको’ या भयपटातली व्हायोलिनं उचलली आहेत. ती सरसर धावतात आणि त्यांच्यावर त्याची जीभ त्याहून जोरात. डॉ. ड्रेने १९९९ मध्ये ‘मर्डर इंक’साठी दिग्दर्शक जॉन कार्पेंटरने स्वतःच रचलेली ‘हॅलोवीन’ चित्रपटातली पियानोची धून घेतली. मूळ धून एकदा मुद्दाम वेगळी ऐका. ती पाच ठोक्यांच्या चक्रात आहे. अर्धे ठोके धरून मोजलंत तर तीन-तीन-दोन-दोन अशा दहा मात्रा होतात. आपल्या झपतालातही दहाच मात्रा, पण तिथले खंड दोन-तीन-दोन-तीन. म्हणून झपतालाची सवय असलेला कान इथे दर आवर्तनात थोडा अडखळतो, आणि पाठलाग होतोय असं वाटण्यामागे तोच अडखळा आहे.

याच भागात ग्रेव्हडिगाझ या चौकडीचा ‘सिक्स फीट डीप’ (१९९४) हा अल्बम हवाच. वू-टँग या रॅप गटाचा रिझा आणि डे ला सोल या गटाचे सुरुवातीचे अल्बम घडवणारा प्रिन्स पॉल हे दोघे यात फ्रुकवान आणि पोएटिक यांच्याबरोबर होते. हॉररकोर, म्हणजे भयपटांसारख्या विषयांवरचं रॅप, या उपप्रकाराचं नाव निघालं की हा अल्बम आठवतोच. एखाद-दोन गाणी पुरतात, सलग सगळा ऐकला तर जेवणाची चव जाते.

आता या यादीचा गाभा. ह्यूस्टनच्या गेटो बॉइजचं ‘माइंड प्लेइंग ट्रिक्स ऑन मी’, साल १९९१. भुताचं एकही सोंग नसलेलं हे गाणं मला हिपहॉपमधलं सगळ्यात भीतिदायक गाणं वाटतं. खाली सोल गायक आयझॅक हेजच्या १९७४ च्या रचनेतली मऊ, उदास गिटार फिरत राहते. वर माणसं सांगतात, की झोप लागत नाही, कुणीतरी मागावर आहे, दर सावलीत कुणीतरी दिसतं. पैसा, धंदा आणि हिंसा यांत अडकलेल्या माणसाचं मन कसं पोखरलं जातं, हे इतक्या शांतपणे तोवर रॅपमध्ये क्वचितच कुणी मांडलं होतं. शेवटचं कडवं बुशविक बिलचं. हॅलोवीनची रात्र आहे, टोळकं पोरांच्या पिशव्या हिसकावतंय, मग एक धिप्पाड आकृती समोर येते आणि मारामारी जुंपते. आकृती विरून जाते. उरतात फक्त रस्त्यावर गुद्दे हाणून रक्ताळलेले स्वतःचे हात. आणि तो दिवस हॅलोवीनचा नव्हताच.

म्हणून हे गाणं इतरांच्या गर्दीत टाकू नका. अ‍ॅपमध्ये क्रॉसफेडची सोय असते, एक गाणं संपता संपता दुसरं त्यात मिसळतं. ती इथे बंद करा. आधीच्या गाण्यानंतर दहा-पंधरा सेकंदांची शांतता जाऊ द्या, त्यासाठी कोरी ध्वनिफीत यादीत घालता येते. दिवे कमी करा. गप्पा आपोआप थांबतात.

त्यानंतर अमेरिकेतल्या मेम्फिस शहराला चला. नव्वदच्या दशकात तिथल्या पोरांनी घरगुती साधनांवर कॅसेटी भरल्या आणि हातोहात विकल्या. टेपची खरखर, ८०८ या ड्रम मशीनचा खोल ठोका, पुटपुटल्यासारखा पुन्हा पुन्हा येणारा एकच शब्द, आणि मागे भयपटासारखे सूर. थ्री सिक्स माफियाचा ‘मिस्टिक स्टाइल्झ’ (१९९५) यातला मुख्य अल्बम. त्यातली भाषा फार हिंसक आहे, तेव्हा हा भाग मुलं झोपल्यावरच. रील्सवर गाड्यांच्या आणि व्यायामाच्या व्हिडिओंमागे वाजणारं फाँक हे संगीत ज्यांना आवडतं, त्यांना हे अवश्य ऐकवा, कारण फाँकची मुळं याच कॅसेटींत आहेत. याच गटाला २००६ मध्ये एका चित्रपटगीतासाठी ऑस्कर मिळालं.

हा भाग फोनच्या किंवा लॅपटॉपच्या स्पीकरवर वाजवण्यात अर्थ नाही. ८०८ चा खर्ज त्यातून येतच नाही, आणि तो गेला की भीतीही गेली. मोठा स्पीकर जमिनीवर, खोलीच्या कोपऱ्यात ठेवा, म्हणजे कमी आवाजातही खर्ज भरून येतो. शेजारची भिंत सामाईक असेल तर मात्र कोपरा सोडा आणि स्पीकरखाली जाड घडी घाला.

नवं काही हवं असेल तर ट्वेंटी वन सॅव्हेज व ऑफसेट हे रॅपर आणि संगीत रचणारा मेट्रो बूमिन यांचा ‘विदाउट वॉर्निंग’ हा अल्बम घ्या. तो २०१७ मध्ये ३१ ऑक्टोबरलाच प्रसिद्ध झाला. मेट्रोचे थंड, काळोखी सूर मेम्फिसला नीट जोडून येतात.

शेवट क्लिपिंग या लॉस एंजेलिसच्या त्रिकुटाकडे ठेवा. त्यांतला डेव्हीड डिग्ज हा ‘हॅमिल्टन’ या संगीत नाटकासाठी टोनी हा रंगभूमीचा पुरस्कार मिळवलेला नट. त्यांच्या २०१९ च्या ‘देअर एक्झिस्टेड अ‍ॅन अ‍ॅडिक्शन टू ब्लड’ अल्बमच्या अखेरीस ‘पियानो बर्निंग’ आहे. अ‍ॅनिया लॉकवुड या संगीतकर्तीची ही कल्पना, एका पियानोला आग लावायची आणि तो जळताना येणारा आवाज ऐकायचा. सुमारे अठरा मिनिटं, एकही शब्द नाही. लाकूड तडतडतं, तारा एकेक करून सुटतात. मी हे लावते तेव्हा लोक कोट चढवत असतात, कुणी प्लेटा उचलत असतं, आणि दारापर्यंत गेलेला एखादा तरी चप्पल पायात अडकवून तसाच उभा राहून ऐकत असतो.