आपला कटिंगवाला दादा कसा मिळवायचा आणि कसा जपायचा

पहिल्या कटिंगवरून निकाल लावू नका. केस महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात, तुमचा भोवरा कुठल्या बाजूला फिरतो, कुठल्या कानामागचे केस उभे राहतात हे दादांना दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाच कळतं, त्यामुळे निदान तीनदा त्याच खुर्चीत बसा.

"बारीक करा" एवढंच सांगू नका, प्रत्येकाचं बारीक वेगळं असतं. मशीनचा नंबर सांगा, २ म्हणजे साधारण ६ मिलिमीटर, ३ म्हणजे १० च्या आसपास. कुरळे केस ओले असताना लांब दिसतात आणि सुकले की वर चढतात, तेव्हा थोडे लांबच ठेवायला सांगा. कटिंग आवडली की त्याच दिवशी मागून-पुढून फोटो काढून ठेवा, नाही आवडली तर खुर्चीतून उठायच्या आधी बोला. गुपचूप पैसे देऊन जायचं आणि परत फिरकायचंच नाही, यात त्या माणसाला काय चुकलं ते कळतच नाही हो.

वेळ सांभाळा. रविवारी सकाळी, गटारीच्या आधी, दिवाळीच्या आठवड्यात मान वर करायला फुरसत नसते. श्रावणात मात्र बरेच जण दाढी-कटिंग करत नाहीत, दुकान रिकामं असतं. तुम्ही श्रावण पाळत नसाल तर तेव्हा मुद्दाम जा, काम निवांत होतं, चहा होतो आणि मंदीच्या महिन्यात गल्ल्यात दोन पैसे पडतात. दोन रुपयांसाठी घासाघीस तर कधीच करू नका.

घरातलं सांगत जा, त्यांचंही विचारा. माझे वडील अंथरुणावर होते तेव्हा मी नुसतं बोलता बोलता सांगितलं होतं, तर सोमवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, दादा स्वतःहून पिशवी घेऊन दारात उभे. उशीवर जुना टॉवेल अंथरला, डाव्या हातावर बाबांची मान अलगद तोलून धरली, कान बोटाने दुमडून मागचे केस कापले, आणि शेवटी कपाळावर पडलेले बारीक केस फुंकरीने उडवले. बाबा कितीतरी दिवसांनी आरशात बघून हसले.

असं कोणी घरी आलं तर पैसे नको म्हणेल. तरी द्याच, नाही घेतले तर शर्टाच्या खिशात घाला, आणि पुढच्या कटिंगला पोराला घेऊन त्याच दुकानात जा, खुर्चीच्या हातांवर फळी टाकून बसवतील ते.