जुनी आलिशान फोर-व्हील ड्राइव्ह कमी बजेटमध्ये घेताय? या चुका टाळा

रेंज रोव्हर, डिस्कव्हरी, बीएमडब्ल्यू एक्स५, मर्सिडीज एमएल, पोर्शे कायेन. दहा-पंधरा वर्षं जुनी झाली की यांतली बरीचशी मॉडेलं नव्या छोट्या हॅचबॅकच्या भावात मिळू लागतात. जाड चामड्याच्या सीट, दणकट दरवाजे आणि उंचावरून दिसणारा रस्ता पाहून मन भुललं तर त्यात नवल नाही. पण गाडीचा भाव उतरला म्हणून तिच्या पार्टचा भाव उतरत नाही. सस्पेन्शनमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसर, ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा भाग), वीस इंची टायर यांच्या किमती गाडी शोरूममध्ये होती तेव्हाच्या श्रीमंतीतच राहतात. या खरेदीतल्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

अशी गाडी घेऊच नये, असं मी अजिबात म्हणणार नाही. नीट सांभाळलेली घेतली तर लांबच्या प्रवासात तिच्यासारखं सुख नाही. प्रश्न फक्त कुठली घ्यायची आणि कुठली सोडायची, एवढाच आहे.

सगळं बजेट खरेदीतच संपवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. हातात जेवढे पैसे आहेत तेवढ्याची गाडी शोधू नका. माझ्या मते त्यातला किमान एक चतुर्थांश, शक्य असेल तर एक तृतीयांश भाग पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढावा आणि उरलेल्या पैशांत गाडी बघावी. तेवढ्यात हवं ते मॉडेल बसत नसेल, तर ते मॉडेल आपल्या बजेटबाहेरचं आहे, असं स्वच्छ मान्य करावं. त्याच मॉडेलची बाजारातली सगळ्यात स्वस्त गाडी शोधणं हा यावरचा उपाय नव्हे. ती स्वस्त असते, कारण आधीच्या मालकाने टाळलेली कामं तिच्यात साठलेली असतात.

विमा आणि इंधनाचा खर्चही आधीच काढून ठेवा. यांतल्या अनेक गाड्यांचं वजन दोन टनांच्या वर असतं. डिस्कव्हरी ३ तर अडीच टनांच्या आसपास जाते. एवढं धूड हलवायला इंधन लागतं आणि थांबवायला ब्रेक पॅड, डिस्कही लवकर झिजतात.

गरज न तपासता बॅजवर भाळणं

चारही चाकांना ताकद मिळते म्हणजे गाडी डोंगर चढेल, असं नाही. एक्स५ आणि ऑडी क्यू७ मध्ये लो-रेंज गिअर (अवघड चढ-उतारावर अगदी हळू पण जोरात चालण्यासाठीचा जादा गिअर) मिळतच नाही. पहिल्या पिढीच्या कायेनमध्ये तो होता, २०१० मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत काढून टाकला. २००५ नंतरच्या एमएलमध्ये तो फक्त ऑफ-रोड पॅकेज घेतलेल्या गाड्यांत सापडतो. खरोखरच्या कच्च्या वाटांवर जायचं असेल तर डिस्कव्हरी, रेंज रोव्हर किंवा टोयोटा लँड क्रूझर आणि तिच्यावर आधारलेली लेक्सस एलएक्स यांच्याकडे बघा. हायवे आणि पावसातला ओला रस्ता एवढंच काम असेल, तर लो-रेंजची गुंतागुंत आणि तिचा खर्च कशाला अंगावर घ्यायचा? लँड क्रूझर आणि एलएक्स जुन्या झाल्या तरी महाग राहतात, कारण त्या टिकतात हे बाजाराला पक्कं ठाऊक आहे. माझ्या दृष्टीने तो जादा पैसा वाया जात नाही.

एअर सस्पेन्शन फक्त बटण दाबून बघणं

विक्रेता बटण दाबतो, गाडी ऐटीत वर येते, आपण खूश होतो. ही तपासणी नव्हे. एअर सस्पेन्शनमध्ये लोखंडी स्प्रिंगांऐवजी हवा भरलेल्या रबरी पिशव्या, म्हणजे एअर बॅग, गाडी तोलून धरतात. अशा बॅगला बारीक चीर गेली की हवा हळूहळू गळते. इंजिन चालू झालं की कॉम्प्रेसर ती भरून काढतो, म्हणून दिवसा सगळं ठीक दिसतं. पण गळती भरून काढता काढता कॉम्प्रेसर नेमून दिलेल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त चालतो, तापतो आणि एक दिवस जळतो. त्याच्या ड्रायरमधला (हवा कोरडी करणाऱ्या भागातला) ओलावा पुढे व्हॉल्व्ह ब्लॉकपर्यंत (कुठल्या चाकाला किती हवा जायची हे ठरवणाऱ्या भागापर्यंत) जातो आणि तिथेही बिघाड सुरू होतो. मग कोणीतरी नुसता कॉम्प्रेसर बदलतं, गळती तशीच राहते आणि नवा कॉम्प्रेसरही त्याच वाटेने जातो. बिलांच्या फाइलमध्ये थोड्याच काळात दोनदा कॉम्प्रेसर बदललेला दिसला, तर हेच झालं आहे असं समजा.

गाडी सपाट जागेवर रात्रभर उभी ठेवायला सांगा. सकाळी इंजिन चालू करायच्या आधी, शक्यतो दरवाजाही उघडायच्या आधी, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. चारही कोपऱ्यांची मापं घ्या, डावी-उजवी एकमेकांशी ताडून बघा. एकच कोपरा बसला असेल तर त्या चाकाची बॅग किंवा तिथली नळी संशयित. पुढची किंवा मागची पूर्ण बाजू बसली असेल तर व्हॉल्व्ह ब्लॉककडेही बघावं लागेल. नेमकी जागा साबणाच्या पाण्याने सापडते, बुडबुडे येतील तिथे गळती. त्यानंतर गाडी सगळ्या उंचींवर वर-खाली करून बघा. कॉम्प्रेसर मिनिटं-मिनिटं घुरघुरत राहत असेल तर तो थकलेला आहे.

काही गाड्यांमध्ये एअर बॅग काढून साध्या स्प्रिंगा बसवलेल्या असतात. स्वस्त पडतं, म्हणून लोक करतात. पण उंची कमी-जास्त करण्याची सोय आणि ओझं भरल्यावर गाडी समपातळीत ठेवण्याची क्षमता दोन्ही जातात. हे काम नीट झालं आहे की डॅशबोर्डवरचा दिवा फक्त दाबून टाकलाय, हे कळायला सोपं नसतं. मी अशी गाडी सोडून देईन.

चार टायर चार तऱ्हेचे असूनही गाडी पसंत करणं

टायर काय, बदलून घेऊ, असं वाटतं. नुकसान मात्र टायरपुरतं राहत नाही. टायरची झीज किंवा बनावट वेगळी असली की चाकांचा घेर बदलतो. मग सरळ रस्त्यावरही पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात. हा फरक ट्रान्स्फर केसमधल्या क्लचला किंवा मधल्या डिफरन्शियलला (पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक सांभाळणाऱ्या गिअरच्या संचाला) सतत सोसावा लागतो. बीएमडब्ल्यूच्या एक्सड्राइव्ह या फोर-व्हील यंत्रणेत तर ताकद विभागण्याचं काम क्लचच करतो, त्यामुळे तिथे चुकीचे टायर लवकर भोवतात.

याची खूण अशी: स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवली की खालून धक्के किंवा थरथर जाणवते, हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी अडखळते, कधी फोर-व्हीलचा दिवाही पेटतो. असं झालं की लगेच ट्रान्स्फर केस गेली असं धरू नका. आधी टायर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे आहेत का, एकाच कंपनीचे आणि सारख्या झिजेचे आहेत का ते बघा. मग ट्रान्स्फर केसचं तेल बदलून योग्य ग्रेडचं घाला. एक्स५ मध्ये क्लच दाबणाऱ्या मोटरीतलं प्लास्टिकचं गिअर झिजतं, तेवढंच बदलून बऱ्याचदा भागतं. एवढं करूनही धक्के राहिले तरच आतलं काम काढा. काही एक्स५ ना कारखान्यातूनच मागे रुंद टायर येतात, तो दोष नव्हे. टायर कधी बनला हे त्याच्या कडेवरच्या DOT कोडचे शेवटचे चार अंक सांगतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. '२३१८' म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असूनही टायर म्हातारा असू शकतो.

गिअरबॉक्सचं तेल कधीच बदलायचं नसतं, यावर विश्वास ठेवणं

डिस्कव्हरी ३ आणि अनेक एक्स५ मध्ये झेडएफ कंपनीचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. कारवाल्यांनी त्यातलं तेल जन्मभराचं म्हटलं, पण खुद्द झेडएफ ते ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते. तेव्हा बिल मागा. बिल नसेल तर ट्रायलमध्ये हळू वेगात गिअर पडताना हिसका बसतो का, चढावर गिअर घसरतो का, ते बघा. यातल्या बऱ्याच गिअरबॉक्सचा तळ प्लास्टिकचा असून फिल्टर त्यातच असतो, म्हणून तेलासोबत तोही बदलावा लागतो. नुसतं तेल काढून भरलेलं काम अर्धवट समजा.

त्या मॉडेलचा ठरलेला आजार न वाचता जाणं

प्रत्येक मॉडेलची दुखरी जागा ठरलेली असते. लँड रोव्हरच्या २.७ आणि ३.० लिटर व्ही६ डिझेलमध्ये क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) तुटल्याचे किंवा बेअरिंग गेल्याचे प्रकार झाले आहेत, तेव्हा वेळेवर तेल बदलल्याचा पुरावा तिथे निर्णायक. याच इंजिनाला पुढचा टायमिंग बेल्ट असतो, शिवाय मागे इंधन पंप फिरवणारा एक छोटा बेल्ट असतो. बेल्ट बदललाय असं कोणी म्हटलं तर दोन्ही बदललेत का, हे विचारा. पहिल्या पिढीच्या व्ही८ कायेनमध्ये इनटेकखाली (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाखाली) प्लास्टिकच्या कूलंट नळ्या होत्या, त्या ठिसूळ होऊन फुटतात. ॲल्युमिनियमच्या बसवल्या असतील तर मोठं काम आधीच झालं. त्याच गाडीच्या प्रोपेलर शाफ्टच्या (ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या) मधल्या बेअरिंगचं रबर फाटलं की सीटखालून धडधड ऐकू येते. मर्सिडीजच्या ३.५ लिटर व्ही६ च्या सुरुवातीच्या इंजिनांत बॅलन्स शाफ्टचं (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचं) गिअर झिजायचं आणि ते बदलायला इंजिन उतरवावं लागतं, म्हणून इंजिन त्या सुरुवातीच्या इंजिनांपैकी तर नाही ना, हे इंजिन नंबरवरून बघूनच पुढे जा. व्ही८ एक्स५ पंधरा-वीस मिनिटं आयडलवर ठेवून मग ॲक्सिलरेटर द्या. निळा धूर निघाला तर व्हॉल्व्हचे सील गेलेत.

गरम इंजिनावर ट्रायल घेणं

जाण्याआधी सांगून ठेवा की गाडी चालू करू नका, आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. टायमिंग चेनची खडखड थंड इंजिनाच्या पहिल्या काही सेकंदांतच ऐकू येते. तिथे इंजिन आधीच तापवून ठेवलेलं आढळलं तर मी दुसऱ्या दिवशी सकाळी परत येतो असं सांगेन.

स्वस्त स्कॅनरवर भागवणं, दिवे दिसले की घाबरणं

साधा ओबीडी स्कॅनर (गाडीला जोडून बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) इंजिनापलीकडे फारसं वाचत नाही. सस्पेन्शन, ट्रान्स्फर केस आणि गिअरबॉक्सचे कोड बघायला त्या कंपनीचं किंवा तशाच क्षमतेचं यंत्र असलेला मेकॅनिक हवा. त्याची फी द्यायला मागेपुढे पाहू नका. साध्या स्कॅनरचा एक उपयोग मात्र जरूर करा: रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्या का, हे सांगणाऱ्या नोंदी) अपूर्ण दाखवत असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती.

उलटही होतं. एकाच वेळी पाच-सहा वेगवेगळे दिवे पेटले तर आधी बॅटरी तपासा. विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास असायला हवी. अशक्त बॅटरीमुळे या गाड्या नसलेले आजार सांगतात. त्यानंतर पायाखालचं कार्पेट दाबून बघा. सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या तुंबल्या की पाणी आत उतरतं आणि कार्पेटखालच्या मॉड्यूल, वायरिंगमध्ये शिरतं. ओलं कार्पेट आणि कोंदट वास एकत्र आले तर ती गाडी तिथेच सोडा. त्या बिघाडाचा खर्च कोणालाच आधी सांगता येत नाही.

घेतल्यावर 'बघू नंतर' म्हणणं

पहिल्या महिन्यात इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि पुढचं-मागचं अशी दोन्ही डिफरन्शियल यांची तेलं, कूलंट आणि ब्रेक फ्लुइड बदलून टाका. आधीच्या मालकाचं बिल हातात असेल तेवढंच वगळा. त्याच वेळी गाडी लिफ्टवर घेऊन खालचे सगळे सील, बुश आणि कूलंटच्या जोडांचे फोटो काढून ठेवा. पुढच्या सर्व्हिसला पुन्हा फोटो काढा, म्हणजे कुठला थेंब जुना आणि कुठला नवा हे लगेच कळेल.