इंटरपोलला जायचंय? आधी पंचनामा वाचायला शिका

"वन्यजीव तस्करीविरोधात इंटरनॅशनल लेव्हलला काम करायचंय, कुठला कोर्स करू?" असे मेसेज मला सोलापुरातल्याच पोरापोरींकडून येतात. झूलॉजी झालेलं असतं, माळढोक बघायला नान्नजला जाऊन काळविटांचे फोटो काढून आलेली असतात. डोक्यात मात्र बँकॉक नाहीतर जिनिव्हाचं ऑफिस. मी एका संस्थेत करारावर आहे. वन खातं, कस्टम्स आणि पोलीस यांनी पकडलेल्या मालाचे धागे जोडायला मदत करणं, हे माझं काम. आत्या अजून शेजारी सांगते, "पोरगी जंगलात नोकरी करूलालीय." प्रत्यक्षात जंगलापेक्षा झेरॉक्सच्या दुकानात माझा जास्त वेळ जातो. करार वाढणार की नाही ही धाकधूक दर मार्चला असतेच, ती सोसायची तयारी असेल तर पुढे वाचा.

सायटिसची परिशिष्टं (संरक्षित जातींच्या याद्या), 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा हे सगळं तुम्ही वाचलेलं असणार. एवढंच ध्यानात ठेवा की सायटिस कुणाच्या गोदामावर धाड घालत नाही. तो वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणारा देशादेशांतला करार आहे, 1975 पासून लागू. भारत त्यात 1976 ला आला. धाड घालतो तो इथला वनपाल, तिथला कस्टम्सवाला. 2010 मध्ये सायटिस सचिवालय, इंटरपोल, जागतिक सीमाशुल्क संघटना, संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थ व गुन्हेगारी कार्यालय आणि जागतिक बँक अशी पाचजणांची मोट बांधली गेली. इंटरपोल आणि सीमाशुल्क संघटनेच्या 'थंडर' मालिकेतल्या मोहिमा 2017 पासून दरवर्षी होतात. बातमीत आकडे मोठे येतात. त्यातल्या किती प्रकरणांत शिक्षा झाली, हे शोधून बघा. तिथंच खरी मेख आहे, आणि मीही तिथंच अडकले.

उदाहरण हाथाजोडीचं घेते. पूजेच्या सामानात, जत्रेत, ऑनलाइन 'दुर्मीळ मुळी' म्हणून विकतात ती. चांदीच्या डबीत शेंदूर, त्यात दोनचार लवंगा, आणि मधे कॉफीच्या रंगाची, हात जोडल्यासारखी वाळकी वस्तू. ती मुळी नसते. ते घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. घोरपड सायटिसच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे देशादेशांतला धंद्यासाठीचा व्यापार बंद. हा माल परदेशातही विकला जातो हे 2017 मध्ये चांगलंच गाजलं होतं.

आता समजा, असं एक पार्सल परदेशात पकडलं. पाठवणारा आपल्या बाजूचा. तिथला अधिकारी भला माणूस, आरोपीच्या फोनमधल्या चॅटचे स्क्रीनशॉट तो थेट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. आपण खूश. नंबर जुळवतो, नावं जुळवतो, रंगीत तक्ता करतो, फाइलला लावतो. मी तसाच तक्ता घेऊन सरकारी वकिलांसमोर बसले होते. त्यांनी तो नीट पाहिला आणि विचारलं, "छान आहे. पण यातलं कोर्टात येऊन कोण सांगणार?"

ओळखीच्या अधिकाऱ्यानं दिलेली माहिती आणि पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सांगून हे कुणालाच पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ते स्क्रीनशॉट तुम्हाला फक्त दिशा दाखवतात. बचावाचा वकील विचारणार: मूळ फोन कुठं आहे? कुणी जप्त केला? भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे डिजिटल पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र कुठंय? कुठल्या अधिकारानं हे भारतात आलं? चारही प्रश्नांना उत्तर नसेल तर तुमचा तक्ता रद्दीत. इंटरपोलच्या वाटेनं आलं म्हणूनही ते आपोआप पुरावा होत नाही. दिल्लीत सीबीआयकडे इंटरपोलची भारतातली शाखा आहे, जानेवारी 2025 पासून राज्यांच्या पोलिसांसाठी 'भारतपोल' पोर्टलही आहे. पण तीही मुख्यतः माहितीचीच वाट. तिकडचा पुरावा इथल्या कोर्टात हवा असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 112 खाली कोर्टाकडून विनंतीपत्र काढावं लागतं, नाहीतर परस्पर साहाय्य कराराची वाट धरावी लागते. दोन्हीकडे गृह मंत्रालय आलंच. महिने जातात. कधी त्याहून जास्त.

मग करायचं काय? स्क्रीनशॉट बघून तोच धागा इथं, आपल्या कायद्यानं, नव्यानं पकडायचा. कुरिअरच्या काउंटरवरची पावती, त्या दिवशीचं सीसीटीव्ही, यूपीआयच्या नोंदी, कॉल रेकॉर्ड. तपास अधिकाऱ्यानं हे रीतसर मागवलं की ते आपलं होतं. डब्या सापडल्या तर प्रत्येकीला वेगळा क्रमांक, पट्टी ठेवून फोटो, वजन, पंचांसमोर सील, आणि सीलचा नमुना पंचनाम्यावर. शेंदूर पुसून डबी 'स्वच्छ' करायची नाही, असं केलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. फोन सापडला तर तो चाळत बसायचा नाही, आधी नेटवर्क तोडायचं. नमुना डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत किंवा हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संस्थेच्या प्रयोगशाळेत जातो. हैदराबाद आपल्याला रेल्वेनं जवळ. अहवालात शास्त्रीय नाव येणं गरजेचं आहे, कारण परदेशातल्या अधिकाऱ्याला 'घोरपड' कळत नाही. आणि बाजारात प्लॅस्टिकच्या हाथाजोड्याही फिरतात, तेव्हा डीएनए झाल्याशिवाय बढाया मारू नका.

एक स्पष्ट सांगते. ग्राहक बनून विक्रेत्याला फोन करायचा, मांडूळवाल्याशी सौदा ठरवायचा, व्हिडिओ काढून टाकायचा, हे धंदे बंद करा. जिवाला धोका आहेच, वर केसही बिघडते, आणि उद्या आरोपीच्या कॉल रेकॉर्डमध्ये तुमचाच नंबर निघतो. दोन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र भिंतीवर छान दिसतं, त्यानं नोकरी लागलेली मी तरी पाहिली नाही. त्यापेक्षा एखादा निवृत्त वनपाल गाठा. चहा पाजा. तो तासभर बदल्यांचं रडगाणं गाईल, मग सहज सांगून जाईल की पंच त्याच गल्लीतला घेतला तर कोर्टात साक्षीला कसा फिरतो. 'मेंटॉर' म्हणून मिरवणाऱ्या मोठ्या नावांनी मला असलं काही शिकवलं नाही.

घाबरू मात्र नका. कायद्याच्या पदवीशिवाय मला हे जमलं, तुम्हालाही जमेल. वाटा बऱ्याच आहेत. एमपीएससीतून वनसेवा, यूपीएससीतून आयएफएस म्हणजे भारतीय वन सेवा, एसएससी सीजीएल या केंद्र सरकारच्या भरती परीक्षेतून कस्टम्स. 2007 मध्ये सुरू झालेल्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोत मुख्यतः वन, पोलीस आणि कस्टम्समधून प्रतिनियुक्तीवर माणसं जातात, इंटरपोलमध्येही बरेच अधिकारी आपापल्या देशाच्या पोलिसांतूनच गेलेले असतात. थोडक्यात, तिकडचा रस्ता इथल्या खात्यातूनच जातो. परीक्षा नको असेल तर संस्था आहेत, प्रयोगशाळा आहेत. 2022 च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे 1 एप्रिल 2023 पासून, सायटिसमधल्या परदेशी जातीही आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. आफ्रिकन पोपट, इग्वाना पाळणाऱ्यांच्या नोंदणीचं काम त्यामुळे वाढलंय, आणि ते करणारी माणसं कमी आहेत.

आणि सोलापूरकर असण्याचा फायदा घ्या. तुमच्या गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी चारही चालतात. माल अक्कलकोटवरून कर्नाटकात किंवा रेल्वेनं चेन्नईकडे गेला, की तिकडच्या रेंजरला फोन लावून त्याच्या भाषेत दोन वाक्यं बोलणारा माणूस आमच्याकडे सापडत नाही. अर्जात भाषांच्या रकान्यात 'इंग्रजी: उत्तम' लिहून थांबू नका. कन्नड, तेलुगू नुसती बोलता येत असली तरी लिहा, आणि वाचता येत नाही हेही तिथंच लिहा. मुलाखतीत कन्नड पावती पुढे ठेवून वाचायला सांगतात.